वळिवड्याची छावणी : आसरा आणि नागरिकत्व

परक्या माणसाला आपल्यात कसे सामावून घ्यावयाचे, हा प्रश्न राज्यसंस्थेइतकाच, किंबहुना तिच्याहूनही जुना आहे. मराठी मुलखापुरते बोलावयाचे तर आपल्या गावगाड्याने त्याचे एक उत्तर फार पूर्वीच शोधून ठेविले होते. गावात पिढीजात जमीन कसणारा तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन मुदतीच्या कराराने जमीन कसणारा तो उपरी. मिरासदाराला आपली जमीन विकण्याचा, वारसांस देण्याचा आणि गोतसभेत बसण्याचा हक्क असे. उपऱ्याला यांतले काहीच नसे. तो आज आहे, उद्या नसेल, असे गाव गृहीतच धरीत असे. परंतु या दोहोंमधली भिंत अभेद्य नव्हती. उपरी गावात टिकून राहिला, आणि गतकुळ म्हणजे धनी नाहीसा झालेली जमीन मोल देऊन घेण्यास पुढे आला, तर पाटील-कुळकर्णी व गावकरी यांच्या साक्षीने त्याला मिरासपत्र करून मिळे, आणि तो व त्याची लेकरेबाळे त्या गावची मिरासदार होत. या व्यवस्थेत जातिभेदाचे जे अन्याय होते ते झाकण्याचे कारण नाही. तथापि उपऱ्याने मिरासदार व्हावयाचे तर कोणत्या वाटेने जावयाचे, हे त्या गावाला ठाऊक होते आणि उपऱ्यालाही ठाऊक होते, एवढा गुण तिच्या पदरी घातलाच पाहिजे.

आजच्या राष्ट्रांत मिरासपत्राची जागा नागरिकत्वाच्या दाखल्याने घेतली आहे. राष्ट्राची सीमा ओलांडून कोणी यावे, कोणी राहावे, आणि राहिलेल्यांपैकी कोणास आपला म्हणावे, यांचे नियम संसदा करितात. या नियमांची चर्चा बहुधा इंग्लंड-अमेरिकेच्या दाखल्यांनी चालते. वस्तुतः या विषयाचा एक अत्यंत बोधप्रद अध्याय कोल्हापूरपासून अवघ्या काही मैलांवर, पंचगंगेच्या आसमंतात, मिरजेच्या लोहमार्गालगत घडून गेला आहे. वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. कोल्हापूरकर या वसाहतीची आठवण अभिमानाने काढतात, आणि तो अभिमान रास्तच आहे. परंतु तिच्याकडे केवळ आदरातिथ्याची कथा म्हणून पाहिले, तर तिच्यातला कायद्याचा धडा वाया जातो.

हे लोक कोण होते, ते प्रथम पाहू. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस पूर्वेकडून सोव्हिएट रशियाने स्वारी केली. पूर्व पोलंड घशात घातल्यावर २९ नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएट सरकारने एक हुकूम काढून तेथील रहिवाशांस आपले नागरिक करून टाकिले. कोणी अर्ज केला नव्हता, कोणास विचारले नव्हते. पुढे १९४० व १९४१ या दोन वर्षांत त्यांतील लक्षावधी माणसांना आगगाडीच्या मालडब्यांतून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकण्यात आले. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला आणि डाव फिरला. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील पोलिश सरकार व रशिया यांच्यात करार झाला. कैदेतल्या पोलिश लोकांची सुटका झाली, आणि जनरल अँडर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले. १९४२ मध्ये हे सैन्य आणि त्याच्यामागून बायकामुले मिळून लाखाहून अधिक माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचली. पुरुष लढाईवर गेले. बायका, मुले आणि वृद्ध यांना कोठे ठेवावयाचे, हा प्रश्न उरला. पूर्व आफ्रिका, न्यूझीलंड, मेक्सिको आणि हिंदुस्थान अशी त्यांची पांगापांग झाली. हिंदुस्थानात नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोरक्या मुलांस आसरा दिला, ती हकीकत प्रसिद्धच आहे. त्याहून कितीतरी मोठी वसाहत मात्र कोल्हापूर संस्थानात वळिवड्यास झाली. बालाचडीची छावणी १९४६ मध्ये मिटली, तेव्हा तेथील पुष्कळ मुलेही वळिवड्यासच आणण्यात आली.

छावणी म्हटल्यावर डोळ्यांपुढे तंबू येतात. वळिवड्यास मात्र एक लहानसे गावच वसले होते. कौलारू छपरांच्या आणि तट्ट्यांच्या भिंतींच्या लांबच लांब बराकी, प्रत्येक कुटुंबास त्यांतली खोली, दारापुढे फुलझाडे. प्राथमिक व माध्यमिक शाळा, प्रार्थनामंदिर, इस्पितळ, नाटकांसाठी रंगमंच, बालवीरांची पथके, सहकारी दुकान असा सारा संसार तेथे मांडला गेला. आसपासच्या खेड्यांतले भाजीवाले आणि दूधवाले त्यांच्याशी व्यवहार करता करता कामापुरते पोलिश बोलू लागले. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर अल्पवयीन छत्रपती होते आणि कारभार रीजन्सीकडे होता. आलेल्या माणसांची जात, पंथ वा वंश न पाहता संस्थानाने त्यांस जागा दिली. पाच वर्षांत तेथे जन्म झाले, लग्ने झाली, मृत्यूही झाले. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश नावांची थडगी आजही आहेत.

आता कायद्याच्या नजरेने या वसाहतीकडे पाहू. हे लोक कोणाचे नागरिक होते? त्यांच्या स्वतःच्या मते पोलंडचे. रशियाच्या मते त्यांतले बहुतेक सर्व रशियाचे. कारण जानेवारी १९४३ मध्ये रशियाने पुन्हा बजावले होते की, १९३९ च्या नोव्हेंबरात त्या प्रदेशात असलेले सर्वजण आपलेच नागरिक होत. लंडनमधील पोलिश सरकार हाच त्यांचा एक आधार होता. त्याचा वकील मुंबईत होता आणि छावणीच्या व्यवहारात त्या सरकारचा हात होता. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे बड्या राष्ट्रांनी पूर्व पोलंड रशियाकडे राहू देण्याचे ठरविले, आणि ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेऊन वॉर्सातील नव्या सरकारास मान्यता दिली. वळिवड्याच्या बराकीत बसलेल्या बाईच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, तिचे गाव दुसऱ्या राष्ट्रात गेले, आणि तिच्या हातातला परवाना ज्या सरकारने दिला होता ते सरकार जगाच्या लेखी नाहीसे झाले. तिने जागची हालचालही केली नव्हती. माणूस जागच्या जागी राहून परका होऊ शकतो, हे विसाव्या शतकाने पुष्कळांना शिकविले. वळिवड्याच्या वसाहतीने तो धडा कोल्हापूरच्या वेशीवर गिरविला.

गंमत अशी की, ज्यांनी आसरा दिला त्या कोल्हापूरकरांची स्थितीही कायद्याच्या भाषेत फारशी बरी नव्हती. तेही कोणत्या राष्ट्राचे नागरिक नव्हते. ते छत्रपतींची प्रजा होते, आणि साम्राज्याच्या दप्तरात त्यांची नोंद ब्रिटिश संरक्षणाखालील माणसे एवढीच होती. १९३९ मध्ये भाई माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार प्रभृतींनी कोल्हापुरात जी संघटना उभी केली तिचे नावच मुळी प्रजापरिषद. नागरिक हा शब्द अद्याप मिळवावयाचा होता. परदेशीयास नागरिक करून घेणारा एक कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात १९२६ पासून होता. तीत वास्तव्याची अट होती, चांगल्या चारित्र्याची अट होती, आणि प्रांतातील एखादी प्रमुख देशी भाषा यावी अशीही अट होती. परंतु तो कायदा वास्तव्य मोजी ते ब्रिटिश हिंदुस्थानातले. कोल्हापूर हे संस्थान. तेव्हा वळिवड्यातील एखाद्या मुलीने दूधवाल्याकडून अस्सल कोल्हापुरी मराठी उचलली असती, तरी त्या हिशेबात तिची ही वर्षे जमेस धरली गेली नसती. आसरा होता, पण आसऱ्यापासून नागरिकत्वाकडे जाणारी वाट त्या बराकींपासून निघत नव्हती. मुळातली बोलीही युद्ध संपेपर्यंतच्या मुक्कामाची होती.

युद्ध संपले आणि प्रत्येकाला आपापली वाट शोधणे भाग पडले. येथे निरनिराळ्या राष्ट्रांच्या कायद्यांची तुलना आपोआपच घडते. ब्रिटनने मार्च १९४७ मध्ये पोलिश पुनर्वसनाचा कायदा केला. ब्रिटिश सेनापतींच्या हुकमतीखाली लढलेल्या पोलिश सैनिकांस आणि त्यांच्या आश्रितांस त्या कायद्याने विलायतेत राहण्याची व पोटापाण्याची सोय करून दिली. म्हणून वळिवड्यातील ज्या बायकांचे नवरे, मुले वा भाऊ सैन्यात होते, त्यांच्यापुढे निदान एक दार उघडले. अमेरिकेचा हिशेब निराळा होता. १९२४ च्या कायद्याने तेथे प्रत्येक राष्ट्राच्या वाट्याला वर्षाकाठी ठराविक माणसे ठरवून दिलेली. पोलंडचा वाटा ६,५२४ चा. हिंदी माणसास तर १९४६ पर्यंत तेथे नागरिक होण्याचीच बंदी होती, कारण १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थाने गोरा नव्हे असा निवाडा दिला होता. जुलै १९४६ च्या कायद्याने ती बंदी उठली आणि हिंदुस्थानच्या वाट्याला वर्षाला शंभर माणसे आली! तात्पर्य, माणसाची गरज किती हे पाहण्याऐवजी तो कोणत्या मातीत जन्मला हे पाहून दार उघडावे, हाच त्या काळचा सर्वसाधारण रिवाज होता. वळिवड्याचे पोल कोणी विलायतेस, कोणी पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत, कोणी ऑस्ट्रेलियात, कोणी अमेरिकेस आणि काही थोडे परत पोलंडला गेले. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली. इकडेच लग्ने करून राहिलेल्या मुली मोजक्याच.

यानंतर दोन वर्षांच्या आत हिंदुस्थानने आपल्या नागरिकत्वाची व्याख्या केली, आणि ती व्याख्या वळिवड्याशेजारी ठेवून वाचण्याजोगी आहे. घटनेच्या पाचव्या कलमाने ठरविले की, घटना अमलात येतेवेळी ज्याचा अधिवास भारतात आहे, आणि जो येथे जन्मला, किंवा ज्याचे आई वा वडील येथे जन्मले, किंवा जो त्यापूर्वी सलग पाच वर्षे येथे राहत आला आहे, तो भारताचा नागरिक होय. अधिवास म्हणजे कायमचे राहण्याच्या इराद्याने केलेली वस्ती. आता पाहा: १९४३ साली वळिवड्यास आलेली बाई १९५० च्या २६ जानेवारीपर्यंत येथेच राहती, आणि येथेच हाडे ठेवण्याचा तिचा इरादा असता, तर ती या कलमाने भारताची नागरिक ठरती. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले होते, म्हणजे मुलखाचीही अडचण उरली नव्हती. ज्या दिवशी कोल्हापूरकर स्वतः प्रजेचे नागरिक झाले, त्याच दिवशी त्यांचे पाहुणेही झाले असते. दोन वर्षांचे अंतर पडले आणि ती गोष्ट घडली नाही.

हे औदार्य सहज आलेले नव्हते. ऑगस्ट १९४९ मध्ये घटनासमितीत डॉ. आंबेडकरांनी ही कलमे मांडली, तेव्हा त्यांवर कडाडून टीका करणारांत आपल्या विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख अग्रभागी होते. नुसता जन्म किंवा पाच वर्षांचे वास्तव्य एवढ्यावर नागरिकत्व देणे म्हणजे ते अतिशय स्वस्त करणे होय, असा त्यांचा आक्षेप होता. आणि दुसऱ्या राष्ट्राचे नागरिक नसलेल्या हिंदू व शीख यांना, ते कोठेही राहोत, भारताचे नागरिकत्व मिळावे अशी त्यांची सूचना होती. फाळणीच्या जखमा ओल्या असताना अशी भीती आणि अशी सूचना पुढे यावी, यात नवल नाही. परंतु धर्म वा वंश यांवरून माणसामाणसांत भेद करणे आपणांस शोभणार नाही, असे अल्लादी कृष्णस्वामी अय्यर प्रभृतींनी प्रतिपादिले, आणि समितीने तोच मार्ग स्वीकारिला.

इकडे वळिवड्याच्या बराकी फार काळ ओस राहिल्या नाहीत. पोल गेले आणि त्यांच्या जागी सिंधमधून आलेले निर्वासित येऊन राहिले. त्या वस्तीचे नाव गांधीनगर; कापडाच्या घाऊक व्यापाराची पेठ म्हणून ती पुढे दूरवर प्रसिद्ध झाली. त्याच भिंती, तीच कौले. पण या दुसऱ्या पाहुण्यांकरिता घटनेत सहावे कलम होते. जो स्वतः, किंवा ज्याचे आईबाप अथवा आजा-आजी, अखंड हिंदुस्थानात जन्मले, आणि जो १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून येऊन येथे राहिला, तो आपोआप नागरिक. त्या तारखेस परवान्याची पद्धत सुरू झाली होती. म्हणून तीनंतर आलेल्यास सहा महिने राहून, अर्ज करून, नोंद करून घ्यावी लागे. समजा, एका घरातला थोरला भाऊ जूनमध्ये आला आणि म्हाताऱ्या आईसाठी मागे राहिलेला धाकटा ऑगस्टमध्ये आला. थोरला कायद्यानेच नागरिक, धाकट्यास कचेरीची पायरी चढणे प्राप्त. तारखेची रेघ कोठे तरी ओढावीच लागते हे खरे; परंतु या घटनेच्या रेघेपलीकडेही एक वाट होती, आणि ती थोडक्या मुदतीत नागरिकत्वापर्यंत पोहोचत होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. सिंधी समाज दोन-तीन दशकांत कोल्हापूरच्या व्यापाराचा एक आधारस्तंभ झाला, त्यात त्याच्या उद्योगी स्वभावाइतकाच या वाटेचाही वाटा आहे. ज्याला उद्या हाकलले जाण्याचे भय नाही, तोच दुकान बांधतो.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्याने ही वाट पुढे चालू ठेविली. परदेशीयाने अर्जापूर्वी सलग बारा महिने, आणि त्याआधीच्या सात वर्षांपैकी एकूण चार वर्षे येथे काढिली असली, म्हणजे वास्तव्याची अट पुरी होई. त्यानंतर मात्र वाट अरुंद होत गेली. आज ती मुदत सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षे अशी आहे. १ जुलै १९८७ पासून केवळ भारतातला जन्म पुरेसा राहिला नाही, आईबापांपैकी एकजण नागरिक असणे आवश्यक झाले. आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसराही बेकायदा स्थलांतरित नसावा अशी भर पडली. परवान्यावाचून आलेला किंवा मुदत संपल्यावर राहिलेला तो बेकायदा स्थलांतरित, आणि त्याला नागरिकत्वाचे दार कायमचे बंद, मग तो येथे कितीही वर्षे राहो. २०१९ च्या दुरुस्तीने अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांस या बंदीतून वगळले आणि त्यांची अकरा वर्षांची अट पाचांवर आणिली. ज्यांस याचा लाभ झाला, त्यांचे दुःख खरे होते. परंतु पंजाबरावांच्या सूचनेच्या वेळी जो प्रश्न निघाला तोच येथेही निघतो: छळामुळे पळून आलेल्या माणसाचे नागरिकत्व त्याच्या धर्मावर व राष्ट्राच्या नावावर ठरावे, की छळावर?

याहून मोठे न्यून असे की, निर्वासित म्हणजे कोण याची व्याख्याच आपल्या कायद्यात नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारात भारत सामील झाला नाही. १९४६ च्या परदेशीयांविषयीच्या कायद्याने नागरिक नसलेला प्रत्येकजण परदेशी, एवढाच भेद जाणिला; त्याची जागा घेणारा २०२५ चा कायदाही निर्वासिताला निराळे नाव देत नाही. म्हणून पळून आलेला आणि घुसून आलेला एकाच मापाने मोजले जातात, आणि सवलत द्यावयाची ती सरकारी आदेशाने दिली जाते. याचा परिणाम पाहावयाचा तर फार दूर जावयास नको. गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडाजवळ तिबेटी निर्वासितांची नोरग्येलिंग ही वसाहत १९७० नंतरच्या दशकापासून आहे. तेथे पिढ्या वाढल्या. २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला तिबेटी हा कायद्याने जन्मतःच नागरिक आहे. परंतु हे स्वच्छ वचनही दिल्लीच्या उच्च न्यायालयाकडून डिसेंबर २०१० मध्ये नामग्याल डोलकर यांच्या दाव्यात वदवून घ्यावे लागले. जो त्या तारखेनंतर जन्मला आणि ज्याचे आईबाप नागरिक नाहीत, तो जन्मभूमीतच परदेशी म्हणून नोंदणीचे कागद नवे करून घेत राहतो.

कोणी म्हणेल, राष्ट्र म्हणजे धर्मशाळा नव्हे. हे आम्हांस मान्य आहे. कोणास आत घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार राष्ट्राला नसेल तर नागरिकत्वाला अर्थच उरत नाही. आसामसारख्या सीमेवरच्या प्रांताची चिंता पुण्या-कोल्हापुरात बसून थट्टेवारी नेण्याजोगी नाही. परंतु कडकपणा आणि संदिग्धपणा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कायदा कडक असावा, पण त्याने काय ते सांगावे. निर्वासित कोण, हे कायद्यानेच ठरवावे आणि ते धर्माची वा राष्ट्राची नावनिशी न लाविता छळाच्या पुराव्यावर ठरावे. अर्जाचा निकाल ठराविक मुदतीत लागावा, नकार असेल तर तोही कारणांसह मिळावा. आणि येथेच जन्मून येथेच वाढलेल्या मुलाला, आईबापांच्या कागदांत काहीही असो, सज्ञान झाल्यावर नागरिकत्व मागण्याचा हक्क असावा. एवढ्या तीन सुधारणांनी सीमेवरची चौकी सैल होत नाही. चौकीच्या आत असलेल्या माणसास आपले भवितव्य काय आहे ते कळते, इतकेच.

वळिवड्याचे उपकार पोल लोक विसरलेले नाहीत. लहानपण या छावणीत घालविलेली वृद्ध मंडळी सप्टेंबर २०१९ मध्ये कोल्हापुरास येऊन गेली. वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पांजली वाहिली. ही कृतज्ञता मोलाची आहे. तथापि आदरातिथ्याचे श्रेय घेताना इतके आठवावे की, आसरा राज्यकर्त्याच्या मर्जीवर मिळतो आणि मर्जीवरच संपतो. पाच हजार माणसे आली तशीच गेली. त्याच बराकींतले गांधीनगर मात्र टिकले, वाढले आणि कोल्हापूरचे झाले, कारण तेथे आलेल्यांना कायद्याने आपले म्हटले होते. उपऱ्याला मिरासदार होण्याची वाट आपल्या जुन्या गावाने मोकळी ठेविली होती. ती किती लांब असावी याविषयी मतभेद राहतील. पण ती कोठून सुरू होते आणि कोठे संपते, हे वेशीवर उभ्या असलेल्या माणसास वाचता यावे, एवढी अपेक्षा स्वतंत्र राष्ट्राकडून करण्यास हरकत नसावी.